मुका मार

आईच्या दंडावरचे डाग दिसले तेव्हा त्याच्या एका हातात टॉवेल होता, दुसऱ्या हातात तिचा गाउन होता आणि डोक्यात सकाळचं लेक्चर होतं. आई न्हाणीघरातल्या स्टुलावर पाठमोरी बसली होती. आंघोळ ती अजून आपली आपण करायची, दार लोटून, आणि झाली की भिंतीवर टकटक करायची. मग यानं मान फिरवून टॉवेल पुढे करायचा, तिनं तो गुंडाळायचा, गाउन डोक्यातून घालायचा आणि यानं तिला उठवून पलंगापर्यंत आणायचं, असा मायलेकरांचा न बोलता ठरलेला करार होता. आज टॉवेल घ्यायला तिनं हात उंच केला आणि मान फिरवायला त्याला जरासा उशीर झाला. डाव्या दंडाच्या आतल्या अंगाला, काखेच्या खाली, एकाखाली एक चार डाग होते. द्राक्षाएवढे, जांभळट, कडेला हिरवे होऊ घातलेले. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की, वा, काय सुरेख उमटलेत. दुसरा विचार यायच्या आत त्याला स्वतःची लाज वाटली.

तसा दोष त्याचा नव्हता, धंद्याचा होता. रक्त कुठं साचतं, कुठं सांडतं, का सांडतं आणि सांडल्यावर त्याचं काय होतं, हे शिकवण्यात त्याची उमर गेली होती. मेडिकल कॉलेजात तो विकृतिशास्त्र शिकवायचा. नावाआधी डॉक्टर लागायचं, पण जिवंत माणूस समोर आला की त्याची पंचाईत व्हायची. शेजारपाजारचे लोक ताप आला की हक्कानं दार वाजवत आणि हा त्यांच्याकडे असा बघे की त्यांनाच वाटे, आपण चुकीच्या घरी आलो. त्याची माणसं वेगळी होती. ती बरण्यांमध्ये होती, औषधी पाण्यात बुडालेली, प्रत्येकाचा एकेकच अवयव. नाहीतर काचपट्टीवर होती, केसाहून पातळ कापलेली, गुलाबी आणि जांभळ्या रंगात रंगवलेली. ही माणसं हलत नसत, खोटं बोलत नसत आणि मुख्य म्हणजे कसं वाटतंय असं त्यांना विचारावं लागत नसे.

"हे काय गं, आई? कुठं लागलं?"

आईनं हनुवटी खांद्याला लावून दंड बघितला. दुसऱ्याच कुणाचा दंड बघावा तसा. "हे होय," ती म्हणाली. "काही नाही रे. माझं अंगच तसं. जरा कुठं टेकलं की उमटतं."

"कुणी धरलं होतं का?"

"कोण धरणार मला? मी काय पळून जातेय?" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी निसटलं. हल्ली असं व्हायचं. वाक्य सुरू करताना ती या घरात असायची आणि संपवताना भलत्याच कुठल्या तरी खोलीत पोचलेली असायची. "तू अजून शाळेत गेला नाहीस, सोन्या?" तिनं विचारलं. तो म्हणाला, निघालोच आहे. घड्याळात बघितलं तर खरंच उशीर झाला होता. चल आई, चल चल, असं म्हणत त्यानं तिला उठवलं, पलंगावर बसवलं, चहाचा कप तिच्या हाताशी ठेवला. तिला दिवसभर सांभाळायला येणाऱ्या ताई जिन्यात भेटल्या. त्यांना काहीतरी विचारायचं आहे हे त्याला आठवलं, काय विचारायचं ते आठवलं नाही, आणि तो फक्त, "आज जरा उकडतंय," एवढंच बोलला. ताई म्हणाल्या, "हो ना."

बसमध्ये उभ्याउभ्या तो कारणं जुळवू लागला. गोळी. आईला हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करायची गोळी होती आणि ती घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना नुसत्या पिशवीच्या बंदानंसुद्धा काळंनिळं पडतं. हे कारण त्याला इतकं आवडलं की बरं वाटून त्यानं बाजूच्या माणसाला बसायला जागा दिली. जागा त्याची नव्हतीच, तो उभा होता, पण हातानं तशी खूण केली खरी. मग म्हातारी कातडी. वयानं कातडीखालचा आधार विरतो, रक्ताच्या नळ्या उघड्या पडतात. तेही बसत होतं. मग गाउनची बाही. बाहीला इलॅस्टिक होतं का? इलॅस्टिकनं नुसतं रक्त तुंबेल, डाग पडणार नाही, आणि पडला तरी पट्टा पडेल. चार वेगवेगळे कसे पडतील? इथं त्याचा स्वतःचा हात वरच्या कडीला होता आणि त्याची नजर त्या हाताच्या बोटांवर गेली. कडीभोवती चार बोटं, एकाखाली एक. त्यानं नजर काढून घेतली आणि खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर दुकानांची शटरं उघडत होती.

ताईंची बोटं जाड होती. त्यांचा आवाजही मोठा होता. फोनवर त्या मालिका बघायच्या आणि मालिकेतल्या बायकांना सल्ले द्यायच्या. आईला त्या ओरडतात का? ओरडत असतील. दिवसभर तेच तेच विचारणाऱ्या माणसावर कोण ओरडणार नाही. पण ओरडणं वेगळं. त्याला एकदम दिसलं की ताई आईचा दंड धरून तिला खुर्चीतून ओढतायत, आणि हे इतकं स्पष्ट दिसलं की आपण ते खरंच बघितलं असावं असं त्याला वाटायला लागलं. कधी बघितलं? कुठल्या खोलीत? त्यात खुर्ची या घरातली नव्हती. वेताची होती. वेताची खुर्ची लहानपणीच्या घरात होती, बाहेरच्या खोलीत, आणि तिच्यावर बाबा बसायचे.

कॉलेजात पोचल्यावर त्यानं बायकोला फोन केला. ती बँकेत कामाला होती आणि सकाळी त्याच्याही आधी निघायची. फोन तिनं उचलला तो "लवकर बोल" म्हणतच.

"तू आईला कधी दंडाला धरून उठवतेस का?"

पलीकडे नोटा मोजायच्या यंत्राची फरफर ऐकू आली आणि थांबली. "तू मला विचारतोयस की माझ्यावर आळ घेतोयस?"

"तसं नाही गं. डाग आहेत तिच्या दंडावर. बोटांचे वाटतात."

"आणि तुला पहिली मी आठवले."

"पहिली नाही," तो म्हणाला आणि जीभ चावली. पलीकडे यंत्र पुन्हा फरफरलं, थांबलं. शेवटी ती शांतपणे म्हणाली, "हे बघ, ताईंना दुखवू नकोस. त्यांच्यासारखी बाई शोधायला आपल्याला किती त्रास झाला ते आठव. त्या गेल्या तर मी नोकरी सोडणार नाही, हे मी आधीच सांगितलंय. मग आईंना पुलापलीकडच्या त्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. जागा आपण दोघांनी बघितलीय. तुला तिथून बाहेर येताना बोलता येत नव्हतं, विसरलास?" तो विसरला नव्हता. लांबलचक खोली, ओळीनं पलंग आणि प्रत्येक पलंगावर एकेक म्हातारं माणूस दाराकडे तोंड करून. कुणी आत आलं की सगळ्या माना एकदम वळायच्या आणि आपलं माणूस नाही म्हटल्यावर एकदम परत फिरायच्या. तो म्हणाला, "नाही, मी नीट बोलेन." ती म्हणाली, "तू नीट बोलशील याचीच भीती वाटते," आणि फोन ठेवला.

लेक्चर नेमकं त्याच विषयावर होतं. हा विषय तो इतकी वर्षं शिकवत आला होता की तोंड आपोआप चालायचं आणि मन कुठंही भटकून यायला मोकळं असायचं. "रक्त साचतं ते दोन तऱ्हांनी," तो सांगत होता. "एक तर येतं जास्त, नाहीतर जातं कमी. येतं जास्त, म्हणजे तुम्ही लाजलात, गाल लाल झाले. रागावलात, कान लाल झाले. ते रक्त ऊन असतं, तांबडं असतं, काम करायला आलेलं असतं. जातं कमी, म्हणजे पुढची वाट तुंबली. हृदय थकलं की मागे सगळीकडे गर्दी होते. पाय सुजतात, फुप्फुसं जड होतात, यकृत कापलं तर आतून जायफळ कापल्यासारखं दिसतं. हे रक्त निळसर, थंड. पण लक्षात घ्या, दोन्हीकडे रक्त आपल्या नळीतच आहे. घरातच आहे. घर भरलंय, इतकंच." पोरं हसली. ती इथं दर वर्षी हसायची. "आणि स्राव म्हणजे रक्त घराबाहेर पडलं. टाचणीच्या टोकाएवढं पडलं तर ठिपका, त्याहून मोठा तो डाग, पसरलं तर काळंनिळं, एका जागी जमलं तर गाठ. आता किती सांडलं याच्यापेक्षा कुठं सांडलं ते बघायचं. मांडीत पेलाभर सांडलं तरी माणूस लंगडत घरी जाईल. मेंदूत चमचाभर सांडलं तर जाणार नाही. आणि बाहेर पडलेलं रक्त परत घरात जात नाही, तिथंच मुरतं. आधी तांबडं, मग जांभळं, मग हिरवट, मग पिवळं, मग दिसेनासं होतं. दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं समजू नका. त्यातलं लोखंड मागं राहतं."

हे वाक्य तो नेहमीच म्हणायचा, पण आज ते म्हणून झाल्यावर पुढचं काही येईना. समोर पोरांचे चेहरे, पंख्याचा आवाज, फळ्यावर त्यानंच काढलेली एक नळी आणि नळीबाहेर खडूचे ठिपके. पहिल्या बाकावर चष्मेवाली मुलगी बसायची. तिला प्रश्न विचारल्याशिवाय जेवण पचत नसावं. तिनं हात वर केला. "सर, वरून बघून कसं ओळखायचं? साचलेलं की सांडलेलं?"

"काच लावा," तो म्हणाला आणि पुन्हा हशा झाला, कारण कॉलेजात त्याचं नावच काचवाले सर होतं. "साधी काचपट्टी घ्या, डागावर दाबा. रंग गेला तर रक्त नळीत होतं, बाजूला सरलं. रंग तसाच राहिला तर ते बाहेर पडलेलं आहे. ते आता कुठं सरणार?"

"आणि बाहेर का पडलं, ते कसं कळायचं?"

"कारणं तीन ठिकाणी शोधायची. रक्तात, नळीच्या भिंतीत, किंवा बाहेरून." इथं त्याची गाडी रुळावर आली, कारण इथं त्याचं ठेवणीतलं उदाहरण होतं. "माझ्या आईचंच घ्या. तिच्या हातांवर, दंडांवर कायम डाग असायचे. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा तिचं रक्त मी स्वतः तपासलं. गोठायला वेळ किती लागतो, बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, किती आहेत, सगळं बघितलं. सगळं उत्तम. म्हणजे रक्तात दोष नाही. मग राहिली भिंत. काहींच्या नळ्याच नाजूक असतात. मी तिला जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या, आंबट-गोड लागतात त्या. डाग पडायचे बंद झाले. औषध लागू पडलं, आणखी काय पाहिजे?"

चष्मेवालीनं वहीवरून मान वर केली. "सर, गोळ्या सुरू केल्या तेव्हा घरात अजून काही बदललं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आहार वगैरे. तुम्हीच सांगता ना, एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही."

"नाही, आहार तोच होता. आमचे वडील गेले होते त्या सुमाराला, तेवढंच," तो म्हणाला. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली, मग तिनं मान खाली घातली आणि वहीत काही लिहिल्यासारखं केलं. पेन चालत नव्हतं हे त्याला दिसलं. आपण काय चुकीचं बोललो ते त्याला समजेना. चुकीचं काही बोललो असं वाटत तर होतं. तास संपायला अवकाश होता तरी त्यानं खडू ठेवला आणि बाकीचं पुस्तकात वाचा म्हणून सांगितलं.

आपल्या खोलीत येऊन तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. काचपट्टीवर कुणाचं तरी फुप्फुस होतं, पण आज त्याला त्यात काही दिसेना, नुसता गुलाबी रंग. त्या रंगात बाबा येत होते. बाबा नकाशे काढायचे, सरकारी कचेरीत. त्यांच्याइतका शांत माणूस त्यानं बघितला नव्हता. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करायचे. रविवारी त्याच्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून द्यायचे, अशी की कागदावर ठेवायला भीती वाटावी. घरात पाहुणे यायचे, गप्पा व्हायच्या, आई मोठ्यानं हसायची. तिचं हसू मोठंच होतं. पाहुणे गेले की बाबा वेताच्या खुर्चीतून उठायचे, आईच्या जवळ जायचे, तिचा दंड धरायचे आणि काही न बोलता तिला आतल्या खोलीत घेऊन जायचे. असे अगदी अंगाला अंग लावून जायचे दोघं. त्याला ते फार आवडायचं. शाळेत एकदा आईवडिलांवर निबंध आला तेव्हा त्यानं लिहिलं होतं, माझे बाबा माझ्या आईला हाताला धरून नेतात. बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला होता. आईनं तो वाचला आणि त्याला जवळ घेतलं. मग ती बराच वेळ नळाखाली भांडी घासत राहिली. भांडी थोडीच होती, हे त्याला आत्ता, या गुलाबी रंगात बघता बघता आठवलं. त्या वेळी त्याला वाटलं होतं, आईला आनंद झाला.

हे सगळं आज का आठवावं? प्रश्न आजच्या डागांचा होता. आजचे डाग कुणाचे? बाबा जाऊन तर युगं लोटली. त्यानं स्वतःला बजावलं की घोळ घालू नकोस, एका वेळी एकच काचपट्टी बघ. रंगावरून डाग दोन-चार दिवसांचे असावेत, पण म्हाताऱ्या अंगात ते हिशेब चालत नाहीत, शिवाय गोळीनं सगळंच लांबतं. दोन-चार दिवसांत घरात कोण होतं? ताई होत्या, बायको होती. शेजारच्या आजोबांनी येऊन आईशी पत्ते खेळले होते. त्यांचा हात इतका थरथरायचा की पत्तासुद्धा धरवत नव्हता. आणि तो स्वतः होता, पण तो तर मुलगा. ताई, बायको, आजोबा. त्यानं पुन्हा पुन्हा हे तिघं मांडले आणि दर वेळी ताईंवर येऊन थांबला. डोकं जड झालं होतं. रक्त डोक्यात चढतं म्हणतात ते काही शास्त्रात बसत नाही, तरी कानाच्या मागे त्याला ठोके ऐकू येत होते. टेबलावरची एक कोरी काचपट्टी त्यानं रुमालात गुंडाळली, खिशात टाकली आणि दुपारीच घरी निघाला.

आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. ताई स्वयंपाकघराच्या दारात फोन घेऊन बसल्या होत्या. त्याला अवेळी बघून त्या उठल्या. तो काही न बोलता आईजवळ गुडघ्यांवर बसला, हळूच गाउनची बाही वर केली आणि काचपट्टी पहिल्या डागावर दाबली. काचेखाली भोवतीची कातडी पांढरी पडली. डाग जागचा हलला नाही. दुसरा, तिसरा, चौथा, एकही हलला नाही. आयुष्यभर जे सांगत आलो ते इतकं खरं निघावं याचं त्याला नवल वाटलं आणि पुढं काय करायचं हे काच सांगत नाही याचंही. बाही आणखी वर केली तेव्हा दंडाच्या बाहेरच्या अंगाला, समोर, पाचवा डाग दिसला. हा जरा मोठा, आडवा, आणि बाकीच्यांपेक्षा गडद होता. अंगठ्याचा. आता गोळी नाही, कातडी नाही, इलॅस्टिक नाही. कुणीतरी समोर उभं राहून या दंडाला घट्ट धरलं होतं.

"सकाळपासून बघतेय," मागून ताई म्हणाल्या. "साहेब, जे विचारायचंय ते सरळ विचारा ना."

"आईला कसं उठवता तुम्ही?"

"जसं उठवायचं तसं. का?"

"हे डाग तुमच्या लक्षात आले नाहीत?"

"आले की. मी म्हटलं, म्हातारं अंग आहे, औषध चालू आहे, घरात डॉक्टर आहेत, त्यांना दिसत असेलच." त्यांनी फोन पिशवीत टाकला. आवाज मोठा नव्हता आज. "माझी सासू मी सांभाळली. तिला जखम झाली नाही कधी. मला ओरडते म्हणा, तोंडाळ आहे म्हणा, ऐकून घेईन. पण हात उचलते म्हणाल तर मला या घरात पाणी नको."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीत, पण तोंडावर लिहिलंय तुमच्या." त्यांनी चपला घातल्या. "आजींनी दूध घेतलंय. संध्याकाळची गोळी डबीत काढून ठेवलीय. उद्या यायचं का नाही ते बाईसाहेबांना विचारून फोन करा, तुम्हाला काही ते ठरवता यायचं नाही." दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. निदान बाई रागीट आहे एवढं तरी म्हणता आलं असतं.

तो खुर्चीसमोर जमिनीवरच बसून राहिला. झालं ते बरं झालं की वाईट, त्याचा त्याला पत्ता लागेना. संध्याकाळी बायको येईल, ताई गेल्या हे कळेल, मग ती भांडणार नाही, फक्त पर्स टेबलावर ठेवेल आणि वृद्धाश्रमात फोन लावेल. आणि आई त्या लांबलचक खोलीत दाराकडे तोंड करून बसेल. तिथं तिला कोण उठवेल, कसं उठवेल, तिथल्या डागांना कोण काच लावेल? पण ज्या बाईनं तिला असं धरलं तिच्या ताब्यात तिला रोज कसं सोडायचं? पण त्या बाईनं धरलं असं तरी कुणी बघितलंय? त्यानं आईच्या पायांकडे पाहिलं. घोट्याजवळ सूज होती. त्यानं अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि सावकाश भरत आला. हे पाणी कुठून येतं, का तुंबतं, कुठल्या कप्प्यातून मागे सरतं, सगळं त्याला पाठ होतं. आईचं पाऊल हातात धरून बसणं मात्र त्याला आठवत नव्हतं, आज पहिल्यांदाच बसला असावा. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

आई जागी झाली ती घाबरून. "मला जायचंय," ती म्हणाली. कुठं ते विचारायची गरज नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर चुळबूळ करत होते आणि अशा वेळी उशीर चालत नाही.

"चल, आई. चल चल."

तो उठून तिच्यासमोर उभा राहिला. तिनं खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धवट उठली, गुडघे थरथरले आणि ती परत खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. "थांब, थांब, मी धरतो," तो म्हणाला. दिवसभराचं सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. ताईंचं बोलणं, बायकोची पर्स, तो वर्ग, आणि आता आई उठत नाही ते उठत नाहीच. तिच्या बगलेखालून त्यानं उजवा हात घातला, दंड पकडला, डाव्या हातानं खुर्ची मागे रेटली आणि तिला वर ओढलं, रोज सकाळी स्टुलावरून ओढायचा तसंच, घड्याळात बघत ओढायचा तसंच. ती उभी राहिली. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. त्यानं खाली बघितलं. बाही वरतीच राहिली होती. त्याची चार बोटं तिच्या दंडाच्या आतल्या अंगाला होती आणि प्रत्येक बोटाच्या कडेनं थोडा थोडा जांभळा रंग बाहेर डोकावत होता. अंगठा पुढं, आडव्या डागावर, नेमका बसला होता.

त्याला काही कळलं नाही. म्हणजे डोळ्यांना कळलं, हाताला कळलं, पण ते वर कुठं पोचेना. त्यानं बोटं जरा सैल केली तशी ती त्याच्या अंगावर कलली, म्हणून पुन्हा घट्ट धरावं लागलं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिची नजर जमिनीवर होती आणि ती अगदी स्थिर उभी होती, अशी स्थिर की या वयात तिला तसं उभं राहता येत असेल असं त्याला वाटलं नसतं. हे उभं राहणं तिला जुनं माहीत होतं.

"अहो, सोडा ना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दारात पोरगा उभा आहे."

त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

"आई, मी आहे," तो म्हणाला. "अगं, मी."

"हळू बोला," आई म्हणाली. "त्याला काही माहीत नाही."

त्यानं तिला तसंच धरून ठेवलं, कारण सोडलं असतं तर ती पडली असती.